उमेदवार क्रमांक सत्त्याऐंशी

हॅलेट हिल सार्वजनिक कला विद्यालय
मोबील, अलाबामा
२४ जानेवारी १९८९

श्री. ओथा क्रेनशॉ यांस,

आपण पाठवलेला प्रवेशअर्ज मिळाला. विभाग संगीत, वाद्य डबल बास, अशी नोंद केली आहे. मात्र अर्जात काही चुका राहून गेल्या आहेत, त्या दुरुस्त केल्याशिवाय तो पुढे पाठवता येत नाही.

उमेदवाराचे जन्मवर्ष १९२१ असे लिहिले आहे. आकडे घाईत पडले असावेत. 'आधीची शाळा' या रकान्यात 'हीच इमारत, तळघर, एकतीस वर्षे' असे लिहिले आहे. आमची शाळा कलेची असल्याने मुलांच्या विनोदबुद्धीचे आम्हाला कौतुकच आहे, पण ऑफिसच्या कागदांवर ती नको. शिवाय पालकांच्या सहीपुढे 'नाते' या रकान्यात 'बायको' असे लिहिलेले दिसते. तिथे सही करणाऱ्याचे उमेदवाराशी असलेले नाते हवे आहे, आपल्याशी असलेले नव्हे.

कोरा अर्ज सोबत जोडला आहे. नातवाला शुभेच्छा कळवाव्या.

आपली,
नदीन टिडमोर
प्रवेश विभाग

•

मोबील
२८ जानेवारी १९८९

टिडमोरबाई,

तुमचं पत्र मिळालं. लुव्हेनियाने, म्हणजे माझ्या बायकोने, ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. मजकुरासाठी नाही. त्या इमारतीच्या छापील कागदावर माझ्या नावामागे 'श्री.' लागलेलं तिला ऐकायचं होतं. एकतीस वर्षांत त्या इमारतीत मी 'ओथा' होतो, नाहीतर 'अरे ए' होतो.

आता चुकांबद्दल. चूक एकही नाही. माझा जन्म १९२१चा. १९४९ ते १९८० तुमच्या तळघरातला बॉयलर मी सांभाळला. तेव्हा ती तुमची कलेची शाळा नव्हती, साधं हायस्कूल होतं. वाद्यवृंदाची खोली बरोबर माझ्या डोक्यावर. गरम पाण्याच्या पाइपाला कान लावला की वरचा एकूणएक सूर खाली उतरायचा, आणि सगळ्यांत स्पष्ट यायचा डबल बास. तोच मी शिकलो. नातू मला नाही. दोन नाती आहेत, दोघी अटलांटात, आणि दोघींना गाण्याचा कान नाही, देव त्यांचं भलं करो. उमेदवार मीच. आईवडील वर गेले, म्हणून पालकाच्या जागी बायकोची सही घेतली. तसाही गेली त्रेचाळीस वर्षं माझा सांभाळ तीच करते आहे.

पेपरातली तुमची जाहिरात कापून ठेवली आहे. 'या परगण्यात राहणाऱ्या, चाचणीला तयार असलेल्या प्रत्येकासाठी.' परगण्यात मी अडुसष्ट वर्षं राहतोय. चाचणीला तयार आहे. लोक तुमच्या शाळेला मॅग्नेट शाळा म्हणतात, गावभरातून पोरं ओढून घेते म्हणून. मग बाई, चुंबक म्हणून बसलात आणि एक जुना खिळा ओढला गेला, तर तक्रार कसली?

कोरा अर्ज परत पाठवतोय. कागद महाग असतो.

ओथा क्रेनशॉ

ता. क. लुव्हेनियाकडून : बाई, मी समजावून पाहिलं. तुम्हीही पाहा.

•

हॅलेट हिल
२ फेब्रुवारी १९८९

श्री. क्रेनशॉ यांस,

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच इतकी हसले की शेजारच्या नृत्यवर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. माझ्या पहिल्या पत्राबद्दल क्षमा असावी.

पण नियम तो नियम. शाळा सहावी ते बारावीच्या मुलांची आहे. 'प्रत्येकासाठी' हा शब्द जाहिरातीत घालायला नको होता, हे मी वर कळवलं आहे. तुमचा अर्ज मी नाइलाजाने परत करते आहे.

एप्रिलमध्ये आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेतली दोन तिकिटं तुमच्यासाठी आणि सौ. क्रेनशॉ यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. नक्की या. मला तुम्हा दोघांना भेटायला आवडेल.

नदीन टिडमोर

•

मोबील
मार्डी ग्रा, ७ फेब्रुवारी १९८९

टिडमोरबाई,

आज कार्निव्हलचा शेवटचा दिवस, सगळा गाव रस्त्यावर आहे. लुव्हेनिया तिच्या बहिणीबरोबर मिरवणूक बघायला गेली आहे. रथावरून फेकलेली मूनपाय बिस्किटं ती पर्समध्ये भरून आणेल आणि इस्टरपर्यंत मला खायला घालेल. घरात मी एकटा. म्हणून आज लिहितो. हे पत्र तिच्या हाती न देता मीच पेटीत टाकणार आहे.

तिकिटं परत पाठवतोय, रागावू नका. तुमच्या इमारतीतले कार्यक्रम एकतीस वर्षं मी फुकट ऐकले. ऐकायचं माझं झालं.

१९३६ साली मी पंधरा वर्षांचा होतो. तुमच्याच इमारतीच्या खिडकीखालून जाताना वाद्यवृंद ऐकू यायचा आणि माझे पाय थांबायचे. एका सोमवारी आईने इस्त्री केलेला सदरा घालून मी पुढच्या दाराने आत गेलो. मला माहीत नव्हतं असं नाही. आम्हा काळ्यांपैकी कुणाला तिथे घेत नाहीत हे तान्ह्या पोरालाही माहीत होतं. पण मला वाटलं, विचारायला काय जातंय? खिडकीपाशी एक बाई होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "माळीकामाला आलास ना? दार चुकलास. मागून ये."

त्या वाईट बोलल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, आणि बाई, मी म्हटलं, "हो." मग मागे जाऊन संध्याकाळपर्यंत पानं झाडली. तो इस्त्रीचा सदरा घालून.

त्यांनी मला हाकललं असतं तर निदान सांगता आलं असतं की हाकललं. पण मी कशासाठी आलोय हे त्यांना कळलंच नाही, कारण मी सांगितलं नाही. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. लुव्हेनियालाही नाही.

मला तुमची जागा नको. सहावीच्या बाकावर मी मावणारही नाही. मला इतकंच हवंय की त्या इमारतीत कुणीतरी माझं नाव पुकारावं, मी सगळ्यांसारखं आत जावं, वाजवावं, आणि त्यांनी शंभरातले गुण द्यावे. दयेचे नकोत, मोजून द्यावे. नापास झालो तर नापास लिहा. काय बोलायला आलो होतो, तेवढं एकदा बोलू द्या.

ओथा क्रेनशॉ

•

हॅलेट हिल सार्वजनिक कला विद्यालय
१७ फेब्रुवारी १९८९

उमेदवार : ओथा क्रेनशॉ
क्रमांक : ८७

आपली प्रवेश चाचणी शनिवार, ४ मार्च रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, तळमजल्यावरील वाद्यवृंद कक्षात होईल. दोन तयार रचना वाजवाव्या लागतील. त्यानंतर परीक्षकांच्या टाळीवर लय धरावी लागेल, आणि समोर ठेवलेले अनोळखी नोटेशन वाचून तिथल्या तिथे वाजवावे लागेल. वाद्य स्वतःचे आणावे. प्रवेश पुढच्या दाराने.

नदीन टिडमोर

ता. क. कृपया याबाबत ऑफिसात फोन करू नये.

•

मोबील
६ मार्च १९८९

टिडमोरबाई,

शनिवारी तुम्ही दारात हातात यादी घेऊन उभ्या होता आणि माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मला ओळखतच नाही. "क्रमांक सत्त्याऐंशी? बाकावर बसा," म्हणालात. मला फार बरं वाटलं. अगदी बाकीच्यांसारखं.

बाकावर शेजारी एक चिमुरडी होती, चेलो घेऊन. थुई फाम. वडिलांची कोळंबीची बोट आहे खाली बायूच्या खाडीकडे. आधी तिने माझ्या बासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही कितवीत?"

"अजून कुठेच नाही."

"मीपण," ती म्हणाली. "मला उलटी होईल असं वाटतंय."

"माझ्या खोळीत करू नकोस म्हणजे झालं. खोळ लुव्हेनियाने शिवली आहे."

ती हसली आणि उलटी राहिली. मग तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा नाक लाल. नोटेशनपाशी अडली होती.

मग माझं नाव पुकारलं. पूर्ण. 'ओथा क्रेनशॉ.' एवढ्या वर्षांत त्या खोलीत मी पाइप दुरुस्त करायलाच गेलो होतो. तुमचे ते उंच लिंडक्विस्ट मास्तर बासभोवती एक फेरी मारून म्हणाले, "याच्या पाठीवर आमच्या शाळेचा शिक्का आहे." मी म्हटलं, "आहेच. चोपन्न साली मान मोडलेला कचऱ्यात टाकला होता. बॉयलरच्या उबेला सरस वाळवून मी जोडला. टाकल्याची चिठ्ठी पाकिटात आहे, दाखवू?" त्यांनी चिठ्ठी पाहिली नाही. ते जोडकाम पाहिलं, बराच वेळ.

पहिली रचना मी ती संथ वाजवली, दर वसंतात वाजायची ती. मास्तरांनी नाव विचारलं. मी म्हटलं, नाव नोटेशनवर असतं, आणि नोटेशन वर होतं, मी खाली. दुसरं आमच्या चर्चचं भजन. मग त्यांनी कागद समोर ठेवला. मी त्याच्याकडे पाहिलं, परक्याच्या तान्ह्या बाळाकडे पाहावं तसं : गोड आहे, पण कुणाचं कोण जाणे. म्हणालो, "मास्तर, मला वाचता येत नाही." ते म्हणाले, "तरी प्रयत्न करा." केला. तिघंही परीक्षक खाली पाहत होते. हसू नये म्हणून असेल.

वाईट वाटून घेऊ नका. मी जे बोलायला आलो होतो ते बोललो.

तुमच्या मुख्याध्यापिका डॉ. गेथर्स यांचे आभार मानले पाहिजेत, त्यांनी परवानगी दिली म्हणून. लुव्हेनियाने पेकानचा गोड पाय भाजला आहे. माझ्या चिठ्ठीसकट आजच शाळेत पोचवतो.

ओथा क्रेनशॉ

ता. क. लुव्हेनियाकडून : रोज पाच तास वाजवत होता. बोटांना पट्ट्या बांधून गेला होता, ते लिहिलं नसेल.

•

मोबील
१३ मार्च १९८९
(घरून लिहिते आहे)

क्रेनशॉकाका,

तुम्हाला काका म्हटलं, चालेल ना? आता माझ्या पोटावर पाय येण्याइतकी आपली ओळख झाली आहे.

डॉ. गेथर्स यांनी परवानगी दिली नव्हती. त्यांना काही माहीतच नव्हतं. तुमचं मार्डी ग्राचं पत्र मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग एका संध्याकाळी तुमचा अर्ज बाकीच्या गठ्ठ्यात सरकवला आणि क्रमांक टाकला. परीक्षकांना आधीच सांगितलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं, म्हणून तुम्ही दारात दिसेपर्यंत गप्प राहिले. म्हणून तर तुम्हाला ओळख दाखवली नाही.

आणि मग सोमवारी तुमचा पेकान पाय आला.

डॉ. गेथर्स यांनी मला आत बोलावलं. टेबलावर पाय, दोन तुकडे कमी. त्या तिसरा खात होत्या.

"नदीन, हे ओथा क्रेनशॉ कोण? मी यांच्यावर काय उपकार केलेत?"

मी सगळं सांगितलं. तुमचं पत्रही दाखवलं, त्याबद्दल माफ करा, दुसरा इलाज नव्हता. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्या आपल्याच गावच्या, डेव्हिस अव्हेन्यूच्या काळ्या वस्तीत वाढलेल्या, आणि त्यांच्यापुढे परगण्याच्या शाळा मंडळाचे सभासदसुद्धा कॉलर नीट करतात.

"गुण किती दिलेत?"

"यादी अजून बंद आहे, मॅडम. पण लिंडक्विस्ट म्हणाले, अठ्ठावन्न."

"पास व्हायला किती लागतात?"

"सत्तर."

त्यांनी हातातला तुकडा संपवून बशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "अठ्ठावन्नचे साठ केले असतेस तर आज तुला घरी पाठवलं असतं. जा, कामाला लाग. आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस, तर पाय आला तरी वाचणार नाहीस."

तेव्हा काका, नोकरी आहे. पण कृपा करून यापुढे शाळेत काहीही गोड पाठवू नका. आणि गुण मी आधी फोडायला नको होते. पत्र येईल तेव्हा नवल वाटल्यासारखं करा.

नदीन

•

मोबील
१५ मार्च १९८९

नदीनबाई,

तुमचं पत्र वाचून काळजी वाटली. मी म्हातारा, मला कुणी काय करणार? पण तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीसच्या, नोकरी धरून असलेल्या. कुणी विचारलं तर सांगा, या माणसाने मला फसवलं, वयाचा खोटा दाखला दिला. मी येऊन तशी सही देतो. माझ्याकडे पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणा.

ते पत्र तुम्ही दाखवलंत त्याबद्दल माफी कसली? ते वाचून मला वाटलं, आता दोघींना कळलंच आहे, तर तिसरीला का नको. रात्रीचं जेवण झाल्यावर लुव्हेनियाला सदऱ्याची गोष्ट सांगितली. तिने आधी ताटं धुतली. मग आतून माझा चर्चचा पांढरा सदरा आणला आणि इस्त्री करायला घेतला. बुधवारी! मी विचारलं, कुठे जायचंय? म्हणाली, "कुठे नाही. मला करायचीय."

ओथा

•

हॅलेट हिल सार्वजनिक कला विद्यालय
१४ एप्रिल १९८९

श्री. ओथा क्रेनशॉ,
उमेदवार क्रमांक ८७

तयार रचना : पन्नासपैकी सत्तेचाळीस. श्रवण व लय : पंचवीसपैकी अकरा. नोटेशन वाचन : पंचवीसपैकी शून्य. एकूण : शंभरपैकी अठ्ठावन्न.

आपली निवड होऊ शकली नाही, हे कळवण्यास खेद वाटतो. पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

(हाताने) काका, हा छापील मजकूर आहे, सगळ्यांना हाच जातो. मी चार वेळा टाइप केला. लयीत अकराच कसे, म्हणून लिंडक्विस्टना विचारलं. म्हणाले, "अप्रतिम वाजवतात, पण माझ्या टाळीकडे लक्षच देत नाहीत. बॉयलरच्या ठोक्यावर वाजवतात." वाईट वाटतंय. नदीन

•

मोबील
१८ एप्रिल १९८९

नदीनबाई,

वाईट? अहो, पत्र आल्यापासून आमच्या घरी रांग लागली आहे. लुव्हेनियाने ते काचेत बसवून बैठकीत टांगलं, आमच्या लग्नाच्या फोटोच्या वर. वर! चर्चचे डीकन आले, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "ओथा, पण यात तर तू नापास आहेस." मी म्हटलं, "नीट वाचा. खेद वाटतो असं लिहिलंय. सही आहे. आणि सत्तेचाळीसचा आकडा दिसत नाही का? पन्नासपैकी!" शेजारचे म्हणतात, क्रेनशॉ खुळावला. लुव्हेनिया त्यांना म्हणते, "तुमच्यापैकी कुणाला त्या इमारतीने कधी खेद कळवलाय?"

मला कुणीतरी ऐकलं, आणि किती कमी पडलो ते आकड्यांत सांगितलं. बॉयलरच्या ठोक्याचं तर शंभर टक्के खरं. तो ठोका अजून अंगात आहे.

आता एक विचारायचंय. रविवारी मासळीबाजारात ती थुई भेटली, आईच्या टोपलीमागे बसलेली. तिचे सहासष्ट आले. बिचारी चार गुणांनी गेली, तेही नोटेशनमुळेच. घरात शिकवणारं कुणी नाही, चेलो चर्चमधल्या कुणीतरी दिलेला. मी तिला म्हटलं, "पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल असं लिहिलंय ना तुझ्या पत्रात? माझ्याही आहे." तेव्हा आम्ही दोघांनी मिळून शिकायचं ठरवलंय. पुस्तक कुठलं घ्यावं? अगदी ढ माणसासाठी असलेलं सांगा. थुईसाठी नव्हे, माझ्यासाठी.

ओथा

•

मोबील
२१ एप्रिल १९८९

काका,

पुस्तकाने होणार नाही. मला येतं नोटेशन. शाळा-कॉलेजात सहा वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. मग लग्न ठरलं, ते मोडलं, आणि का कोण जाणे, क्लॅरिनेट तेव्हापासून पलंगाखालच्या पेटीत आहे. पेटी काल उघडली. आतली पत्ती कुरतडलेली, पण बाकी ठीक.

शनिवारी दुपारी दोन वाजता, गव्हर्नमेंट स्ट्रीटच्या वाचनालयामागची खोली. थुईच्या आईशी मी बोलते. पेन्सिल आणा, खोडरबर मोठं आणा.

डॉ. गेथर्सना आधी विचारलं. म्हणाल्या, "शनिवारी तू काय करतेस ते मला का सांगतेस?" मग दारापर्यंत गेल्यावर हाक मारली : "त्या खोलीत पियानो आहे. सुरात नाही. माणूस पाठवते."

नदीन

•

हॅलेट हिल सार्वजनिक कला विद्यालय
१९ जानेवारी १९९०

श्री. ओथा क्रेनशॉ यांस,

आपला अर्ज मिळाला. छाननीत एकही चूक आढळली नाही. चाचणी शनिवार, ३ मार्च, सकाळी दहा वाजता. उमेदवार क्रमांक ४१.

डॉ. गेथर्स
मुख्याध्यापिका

(हाताने) दर शनिवारी भेटतो, तरी हे पत्र टपालाने पाठवायचा हट्ट डॉ. गेथर्स यांचा. यंदा खालची सही त्यांची स्वतःची आहे, पाहा. काल तुमचा अर्ज मी त्यांच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवला होता. लपवाछपवी नाही. नदीन

ता. क. थुई म्हणते, तुम्ही अजूनही पायाने ठोका देता, आणि तो चुकीचा असतो.

•

हॅलेट हिल
१२ एप्रिल १९९०

काका,

छापील निकाल सोबत आहे, पण तो उघडण्याआधी हे वाचा, कारण मला समजावून सांगायचंय.

थुईला त्र्याऐंशी. तिसरी आली. तिची आई बाजारातून थेट ऑफिसात आली, माझ्या टेबलावर कोळंबीची पिशवी ठेवली आणि रडली. पिशवी गळत होती. अजून वास जात नाही.

तुम्हाला चौऱ्याहत्तर. नोटेशनला पंचवीसपैकी तेरा. लिंडक्विस्ट म्हणाले, "वाचतात म्हाताऱ्या माणसाने पेपर वाचावा तसे, शब्द न् शब्द, पण वाचतात." तंतुवाद्यांच्या बारा जागा आहेत. तुम्ही अकरावे आहात.

परीक्षकांनी विचारलं, यांचं नाव यादीतून काढायचं ना? मी तिथेच होते. डॉ. गेथर्स म्हणाल्या, "का काढायचं?"

"मॅडम, वय."

"ते मला माहीत आहे. ते हो म्हणाले, तर परगण्याच्या मंडळापुढे मी जाईन, आणि मंडळ नाही म्हणेल, हेही माहीत आहे. पण ते हो म्हणतात की नाही, हे त्यांना आधी विचारा. त्यांच्या वतीने या इमारतीने एकदा ठरवून झालंय. मी दुसऱ्यांदा ठरवणार नाही."

तेव्हा यादी तशीच लागली आहे, पुढच्या दारावर. निकालाच्या खाली दोन चौकटी आहेत, 'जागा स्वीकारतो' आणि 'जागा नाकारतो.' सगळ्यांना असतात. तुमची जागा खरोखर तुमची आहे, काका. तुम्ही खूण करेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मुदत १ मेपर्यंत.

तुम्ही काय कराल ते मला माहीत नाही. मी काही सुचवणारही नाही.

नदीन

•

मोबील
१६ एप्रिल १९९०

नदीन,

शनिवारी सकाळी आम्ही दोघं यादी पाहायला आलो. ऑफिस बंद होतं, म्हणून तू भेटली नाहीस. दारापाशी ही गर्दी. पोरं उड्या मारत होती, एक मुलगी आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती. लुव्हेनियाने रविवारची टोपी घातली होती, तिला सगळ्यांनी वाट दिली. मी चष्मा विसरलो होतो, म्हणून तिनेच बोट खाली खाली नेलं आणि एका जागी थांबवलं. बोट तिथेच ठेवून उभी राहिली. मागचे लोक खोळंबले.

शेजारी एक बाई होती, तरुण, गोरी, हातात गाडीची किल्ली. म्हणाली, "अभिनंदन! तुमच्या नातवाचं का?"

मी तोंड उघडलं. लुव्हेनिया माझ्याकडे पाहत होती, मी काय म्हणतो ते ऐकायला.

"नाही," मी म्हटलं. "माझं. मी ओथा क्रेनशॉ. डबल बास वाजवतो."

त्या बाईने किल्ली डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. म्हणाली, "माझा मुलगा बाराव्याच्या खाली एका नंबरने राहिला. व्हायोला वाजवतो. घरी खोलीचं दार लावून बसलाय." मी विचारलं, किती गुण? "एकाहत्तर." मी म्हटलं, "एकाहत्तर वाईट नाहीत. मला गेल्या वर्षी अठ्ठावन्न होते." तिला वाटलं मी गंमत करतोय.

घरी आल्यावर कागद टेबलावर ठेवला. दोन दिवस तिथेच होता. आम्ही त्याच्याभोवती जेवलो. लुव्हेनिया म्हणाली, "'हो'वर खूण कर. बघू दे काय करतात ते! मंडळापुढे मी येते. डबा करून देईन रोज, बसने जाशील." आणि खरं सांगतो, पेन्सिल मी दोनदा त्या चौकटीवर टेकवली. तुला वाटेल म्हातारा नाटकी आहे. नाही. त्या चौकटीने मला फार मोह घातला. माझं हात वर करून बाकावर बसणं, लिंडक्विस्टनी ओरडणं, मधल्या सुट्टीत दूध... सगळं दिसलं मला.

मग आज सकाळी पेनाने खूण केली. कागद सोबत आहे. 'नाकारतो.' खाली कारण लिहायला एक ओळ होती, ती मी रिकामी ठेवली, कारण ते एका ओळीत मावत नव्हतं. तुला सांगतो. नाही म्हणायला आधी ती जागा आपली असावी लागते, पोरी. आज माझी होती. मी ती हातात घेऊन दोन दिवस बसलो, पोटभर पाहिली, आणि दिली.

डॉ. गेथर्सना सांग, मंडळाकडे जायला नको. आणि सांग की त्यांनी मला विचारलं, ते पोचलं.

शनिवारी दोनला आहोतच. थुईला आता माझी गरज नाही, पण ती म्हणते मला तिची आहे.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. लुव्हेनिया टोपी घालून दारात उभी आहे, आम्ही ते हातानेच आणून देतोय. मिळाल्या मिळाल्या त्या व्हायोलावाल्या लेकराला कळव. पत्राने नको, फोन कर. पत्राला दोन दिवस लागतात.

ओथा क्रेनशॉ